पाचावर आणलेलं अनंत

२३ एप्रिल. गच्चीवरचं पिंप घासायला काढलं आहे.

सोसायटीत पाणी एक दिवसाआड येऊ लागलं की हे पिंप भरून ठेवावं लागतं, आणि एप्रिलच्या उन्हात भरून ठेवलं की काही दिवसांत ते आतून हिरवं होतं. नुसतं पाणी ओतून देऊन ते जात नाही. पिंप आडवं करायचं, कमरेपर्यंत आत शिरायचं आणि नारळाच्या शेंडीने घासायचं. आत तळ्याचा वास येतो. मला तो आवडतो, पण घासायचं ते घासायचंच.

“शिरलीस की पडलीस?” बाहेरून ह्यांचा आवाज आला.

“घासतेय.”

“उद्याची साडी इस्त्रीला द्यायची असली तर आत्ता सांग. मी खाली जातोय.”

“कपाटात वरच्या कप्प्यात काळी आहे, ती द्या.”

“व्हायवाला काळी?”

“हो.”

मला वाटलं गेले. मग म्हणाले, “त्या मुलीचं काही वाकडं करणार नाहीस ना तू?”

पिंपात बोललेलं फार घुमतं. मी शेंडी आणखी जोरात चालवली.

उद्या अभयच्या विद्यार्थिनीचा पीएच.डी.चा व्हायवा आहे. अभय आणि मी एकाच गाइडकडे, एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली बसून संशोधन केलं. तो आज त्याच विभागाचा प्रमुख आहे. मी दुसऱ्या एका कॉलेजात गणित शिकवते. आमचं भांडण झालेलं नाही. भांडण व्हायला दोघांना माहीत असावं लागतं, आणि अभय ते केव्हाच विसरून गेला आहे. परवा त्याचा फोन आला तेव्हा त्याची खात्री पटली.

“अगं वसुधा, बुधवारी येतेस ना? आपले सर पण येणारेत. मुद्दाम गाडी पाठवतोय त्यांना.”

“येते की.”

“आणि ऐक ना, मंडईजवळचा तो तुझा वडेवाला अजून आहे का गं? जरा वडे सांगशील? तुझं त्या बाबतीत बघायला नको. माझ्या वेळेला काय मस्त केलं होतंस सगळं.”

मी म्हटलं, सांगते. आवाज अगदी सरळ होता माझा. फोन ठेवल्यावर कुकर जरा जोरात आपटला गेला असावा, कारण झाकणाला पोचा आला आहे.

एप्रिल दर वर्षी येतो आणि दर वर्षी मला त्या एका उन्हाळ्यात नेऊन बसवतो. यात भावुक व्हावं असं काही नाही. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते, तसं आहे. परीक्षेच्या खोल्यांमधला कोंदट घामट वास, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवरची सुतळी, पर्यवेक्षकांना मिळणारा साखरपाण्यासारखा चहा, कॉलेजच्या फाटकाशी मीठ-तिखट लावलेल्या कैऱ्यांची हातगाडी, कडुनिंबाच्या बारीक फुलांचा रस्त्यावर पडलेला सडा. हे सगळं दर वर्षी तेच असतं. मी ते ओलांडून जाते, आणि पलीकडे अभयचा व्हायवा उभा असतो.

त्या वर्षी मी कॉलेजातून रजा काढली होती आणि मुलीला घेऊन माहेरी, कसब्यात राहायला गेले होते. आईच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. मागच्या बाजूला तांबट आळी. सकाळपासून तांब्यावर हातोडे पडायचे. पहिले काही दिवस डोकं उठलं, मग त्या आवाजाचीच सवय झाली. दुपारी जेवायला ते थांबले की मला एकदम चुकल्यासारखं व्हायचं आणि मी पेन खाली ठेवायचे. बाहेर आळीत तांबं ठोकलं जात होतं आणि आत मी तांब्याचे कण पाण्यात मिसळत होते. अर्थात कागदावर.

माझा विषय कुणी विचारला तर मी असं सांगत असे: पाण्यात धातूचे अतिशय बारीक कण मिसळले, इतके बारीक की केसाच्या जाडीपुढे ते काहीच नाहीत, तर ते पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेतं. यंत्रं गार ठेवायला त्याचा उपयोग. अडचण अशी की कण काही काळाने तळाशी बसतात. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की त्या पाण्यात पोहणारे सूक्ष्मजीव सोडावेत. हे जीव उजेडाकडे, वरच्या दिशेने पोहतात. ते पाण्याहून किंचित जड असतात. सगळे वर जमले की वरचा थर जड होतो, आणि मग तो आपल्याच वजनाने ठिकठिकाणी धारा धरून खाली कोसळतो. पुन्हा वर पोहणं, पुन्हा कोसळणं. या घुसळणीत धातूचे कण तळाशी बसत नाहीत. हे सगळं समीकरणांत मांडायचं आणि ती समीकरणं सोडवायची, एवढंच माझं काम होतं.

वर गर्दी करणारे आपल्याच वजनाने खाली येतात, हे ऐकलं की लोक लगेच मान डोलावतात आणि त्यात आयुष्याचं काहीतरी शोधतात. मीही एकदा शोधलं होतं. पाण्यात होतं ते खरं आहे. विभागात होत नाही. विभागात वर गेलेले वरच राहतात, त्यांना खाली आणायला कुणीतरी जावं लागतं.

आमच्या सरांनी तो जीव कधी पाहिला नव्हता. अभयने नाही, मीही नाही. विभागात कुणीच नाही. मी एकदा म्हटलं, “सर, जीवशास्त्र विभागात जाऊन बघून येऊ का?” सर हसले. “अहो बाई, आपण गणिताची माणसं. आपल्याला जंतूंचं तोंड बघून काय करायचंय? समीकरण बघा.”

आईकडे गॅलरीत पाण्याचं पिंप होतं. तेही असंच हिरवं व्हायचं. मी त्यातलं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरलं आणि खिडकीत ठेवलं. एका दुपारी हातोडे थांबलेले असताना बघितलं, तर बरणीत वर एक गडद हिरवी साय धरली होती आणि तिच्यातून बारीक हिरव्या धारा खाली उतरत होत्या, विरत होत्या, पुन्हा धरत होत्या. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. कागदावर लिहिलेलं काहीतरी बरणीत चाललेलं बघणं हे गणितवाल्याच्या नशिबी क्वचित येतं.

“ओतू का गं हे?” आईने विचारलं.

“नको. माझं काम आहे ते.”

“काम? शेवाळ आहे ते.”

“तेच काम आहे.”

“डास झाले तर तुझ्या सरांना सांगू का चावून घ्यायला?”

मी बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. आई रोज ती बरणी पुसायची आणि रोज नावं ठेवायची.

त्या बरणीत मला एक गोष्ट दिसली, जी समीकरणाकडे बघून दिसली नसती. हिरवा रंग वर गडद होता, खाली फिका होत जात होता, पण तो संपतो कुठे हे काही सांगता येईना. जिथे संपला असं वाटायचं, तिथे मागे पांढरा कागद धरला की पुन्हा थोडा हिरवा निघायचा. शेपूट लांब होतं.

हे महत्त्वाचं का, ते सांगते. आमच्या गणितात एका भिंतीपासून सुरुवात होते आणि प्रवाह दूर, अनंतापर्यंत जातो. वेग, तापमान, कणांचं प्रमाण, जिवांची संख्या, प्रत्येकाची एक रेषा, आणि अनंतापाशी ती शून्यावर जाऊन शमली पाहिजे. संगणकाला अनंत कळत नाही. त्याला एक आकडा द्यावा लागतो: इतकं लांब गेलास की ते अनंत समज. भिंतीपाशी रेषा किती उताराने सुटते हे माहीत नसतं. म्हणून अंदाजाने एक उतार घ्यायचा, रेषा सोडायची आणि लांब तिथे ती शून्यावर लागते का ते बघायचं. नेम चुकला तर किती चुकला ते मोजायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा सोडायची. या रीतीला शूटिंग मेथड म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. हा शुद्ध नेमबाजीचा प्रकार आहे.

निशाण जवळ ठेवलं की कुणाचाही नेम लागतो. अनंत पाचावर घेतलं की प्रोग्रॅम झटकन सुटायचा. पण जिवांची रेषा पाचापाशी अजून हवेत असायची आणि तिला ओढून शून्यावर आणलेलं दिसायचं. रेषा खाली कशी येते ते बघायचं असतं: विमान उतरतं तशी, की नारळ पडतो तशी. पाचावर ती नारळासारखी पडत होती. मी अनंत लांब नेलं. प्रोग्रॅम मोडायचा, आकडे फुटायचे, वीज जायची, पुन्हा सुरुवात. आठावर ती बरीच सुधारली. बारापर्यंत गेले तेव्हा ती रेषा आडवी होत होत जमिनीला टेकली, कुठे टेकली ते कळूही न देता. बरणीतल्या हिरव्यासारखी. त्या संध्याकाळी मी आईला मंडईतून आंबे आणायला लावले.

ते सगळं घेऊन मी सरांकडे गेले. प्रोग्रॅम, आलेख, आकड्यांचा तक्ता. सर म्हणाले, ठेवून जा, बघतो. पुढच्या आठवड्यात अभयच्या टेबलावरच्या संगणकावर माझा प्रोग्रॅम चालू होता. मी खाली झुकून बघितलं. प्रोग्रॅममधल्या चलांना, म्हणजे व्हेरिएबल्सना, मी माझ्या मुलीच्या बाहुल्यांची नावं दिली होती. ती तशीच होती. फक्त अनंत पाचावर आणलेलं होतं.

“अरे, हे माझं आहे,” मी म्हटलं.

“सरांनी दिलं,” अभय म्हणाला. त्याला खरोखरच त्यात काही वाटलं नव्हतं. “बारावर अडकतं गं सारखं. मी पाचावर घेतलं. पटकन होतं.”

“ते चुकतं. जिवांची रेषा बघ.”

“कोण बघतंय?”

मी सरांच्या खोलीत गेले. सर उत्तरपत्रिका तपासत होते, मान वर न करता बोलले. “अहो, विभागाचं काम आहे. त्यात तुझं-माझं काय? त्याची नोकरी अडकलीय. जूनच्या आत पीएच.डी. नाही झाली तर जागा जाईल. तुमचं काय, तुमचं लग्न झालंय, घर आहे, पर्मनंट नोकरी आहे. तुम्हाला घाई कसली? तुम्हाला दुसरा प्रॉब्लेम देतो.” आणि लाल पेनने कुणाचं तरी गणित चूक केलं.

मी गप्प बसले, कारण माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. हे कारण तेव्हा पुरेसं होतं आणि आजही मला पुरेसं वाटतं.

आमच्याकडे पीएच.डी.चा शेवटचा व्हायवा खुला असतो. सूचना लावतात, कुणीही यावं, बसावं, उमेदवाराला प्रश्न विचारावा. प्रत्यक्षात कुणी विचारत नाही. बाहेर टेबलावर पेढ्यांची खोकी आधीपासून येऊन बसलेली असतात. निकाल त्यांना माहीत असतो. अभयच्या व्हायवाच्या दिवशी सकाळी सर म्हणाले, “बाई, तुम्ही जरा खाण्याचं बघा. बाहेरचे परीक्षक आहेत, काहीतरी चांगलं हवं.” मी कसब्यातलीच, मंडई पायाखालची. रिक्षाने गेले, कढईतून निघालेले वडे करंडीत भरून घेतले, वर वर्तमानपत्र, त्यावर तळलेल्या मिरच्या. रिक्षा गर्दीत अडकली. मांडीवर करंडी घेऊन उन्हात बसले होते, तेलाचा डाग साडीला लागत होता आणि तो लागतोय हे मला कळत होतं.

परत आले तेव्हा दार लागलेलं होतं. दाराला काच होती. आत पडद्यावर माझा आलेख होता. वेगाची रेषा, तापमानाची रेषा, कणांची रेषा, आणि ती चौथी, नारळासारखी पडलेली. मी दार थोडं उघडलं. सरांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि हाताचा पंजा दाखवला: थांबा. मी थांबले. दोन्ही हात करंडीत गुंतलेले. आत कुणीही प्रश्न विचारला नाही.

नंतर अभयने आभार मानले. आईवडिलांचे, सरांचे, परीक्षकांचे, “आणि खाण्यापिण्याची उत्तम व्यवस्था बघितल्याबद्दल वसुधाताईंचे.” टाळ्या झाल्या. सरांनी वडा मोडून तोंडात टाकला आणि त्या दिवशी माझ्याशी ते एकच वाक्य बोलले.

“वडे जरा गार झाले, बाई.”

घरी गेल्यावर बरणी मीच मोगऱ्याच्या कुंडीत ओतली. मोगऱ्याला त्या वर्षी भरपूर फुलं आली. यातून कुणी काही अर्थ काढू नये, शेवाळाचं खत होतं.

पुढे दुसरा प्रॉब्लेम मिळाला, उशिरा का होईना पीएच.डी. झाली, सगळं रीतसर झालं. लोक म्हणतात, मग आता काय? सोडून द्यावं. मी पाहिलं आहे, सोडून द्यायला सांगणाऱ्यांचं बहुतेक काही गेलेलं नसतं. माझी ती चौथी रेषा गेली. नुसती चोरीला गेली असती तर एखादे वेळी सोडूनही दिली असती. पण ती मोडून ठेवली आणि तशीच छापली, हे मला जास्त लागलं. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसावी, आणि तीही तडा गेलेली, असं ते होतं.

आणि त्या तड्याची पुढे परंपरा झाली. आमच्या क्षेत्रात नवीन शोधनिबंध लिहिताना आपला प्रोग्रॅम बरोबर आहे हे दाखवायला आधी छापलेल्या एखाद्या निबंधातल्या आकड्यांशी तुलना करतात. एक तक्ता द्यायचा: हे त्यांचे आकडे, हे आमचे, जुळतात, म्हणजे आमचं बरोबर. अभयचा निबंध पहिल्या काहींपैकी होता, त्यामुळे पुढच्या कितीतरी जणांनी त्याच्याशी जुळवून घेतलं. जुळवायचं तर अनंत पाचावर घ्यावं लागतं. मी दर वर्षी असे निबंध बघते. तक्ता उघडते, ओळखीचे आकडे दिसतात, आलेख बघते, नारळ पडलेला असतो. बंद करते. तो प्रश्न, जो त्या दिवशी कुणी विचारला नाही, माझ्याकडे तयार आहे. मी त्याला दर उन्हाळ्यात धार लावते.

उद्या तो विचारायचा असं मी परवाच ठरवलं, कुकरचं झाकण सरळ करताना. खुला व्हायवा, पहिल्या रांगेत सर, शेजारी अभय, आणि पडद्यावर चौथी रेषा. मुलगी गोंधळेल, परीक्षक भुवया उंचावतील, कदाचित प्रबंध दुरुस्तीला परत जाईल. त्या मुलीचा विचार मी केला नव्हता असं नाही. केला होता आणि बाजूला ठेवला होता. माझाही तेव्हा असाच बाजूला ठेवला होता.

पिंप उपडं घालून मी हात धूत होते, तेवढ्यात ती स्वतःच दारात आली. ऋतुजा नाव. यवतमाळची. पाठीला लॅपटॉपची बॅग, चेहरा उन्हाने लाल.

“मॅडम, अभय सरांनी पाठवलं. वडे किती वाजता येणार ते विचारून ये म्हणाले. डिपार्टमेंटचे दोन्ही शिपाई एक्झाम ड्यूटीवर आहेत न, म्हणून.”

“सांगितलेत मी. बस. सरबत घे.”

ती कैरीचं पन्हं एका दमात प्यायली. मग कुणी विचारलं नसताना म्हणाली, “टेन्शन आलंय. आई येतेय रात्रीच्या गाडीने. तिला वाटतं मी डॉक्टर होणार म्हणजे इंजेक्शन देणार.”

मी म्हटलं, स्लाइड दाखव. तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. चांगलं बोलत होती. समीकरणं तोंडपाठ नव्हती, कळलेली होती. फरक लगेच समजतो. मग तो आलेख आला.

“इन्फिनिटी किती घेतलीस?”

“पाच.”

“का?”

“डिपार्टमेंटमध्ये आधीपासून पाचच घेतात, मॅडम.”

मी उठून पाणी प्यायले.

“म्हणजे,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी वाढवून पाहिली होती न. मायक्रोब्जचा कर्व्ह नीट सेटल होत नव्हता, मला ते विचित्रच वाटलं. बारा घेतल्यावर एकदम स्मूथ आला. पण मग व्हॅल्यूज बदलल्या. सर म्हणाले, पब्लिश्ड रिझल्टशी मॅच होत नाहीत, म्हणजे तुझंच चुकलं. परत पाच कर. मग केलं.”

“पब्लिश्ड म्हणजे कुणाचे?”

“सरांचेच. जुना पेपर आहे त्यांचा.”

गच्चीवर उपड्या पिंपातून पाणी गळत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने बरणी पाहिली नव्हती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने नुसतं रेषेकडे बघितलं आणि तिला ते विचित्र वाटलं.

“ते बारावाले आकडे आहेत का अजून?”

“आहेत. डिलीट नाही केले.” मग जराशी हसली. “राग आला होता न, म्हणून ठेवले.”

हे उत्तर मला फार आवडलं.

“पीएच.डी. झाल्यावर काय करणार आहेस? यांच्याकडेच राहणार?”

“नाही, नाही. खराडीला जॉब लागलाय, जूनपासून. डेटाचं काम. हे फक्त पूर्ण करायचं होतं.”

म्हणजे तिचं पुढचं काही कुणाच्या सहीवर अडलेलं नव्हतं. मी बेत थोडा बदलला. नेमबाजीत हेच करतात: रेषा सोडून बघायची, चुकीचं काही लागतंय असं दिसलं तर उतार थोडा बदलायचा. निशाण तेच ठेवायचं.

“दोन्ही कर्व्ह एका स्लाइडवर घे,” मी म्हटलं. “पाचचा आणि बाराचा. ती स्लाइड सगळ्यात शेवटी ठेव, थँक यूच्या मागे. स्वतःहून दाखवू नकोस. कुणी विचारलं तरच.”

“कोण विचारणार, मॅडम? व्हायवात कुणी विचारतं का?”

“मी विचारणार आहे.”

तिने लॅपटॉप मिटला. “सर चिडतील.”

“चिडतील. तू खरं तेवढं सांग. मी पाचावर केलं, बारावर केलं, बारावर रेषा शमते. बाकीचं माझ्याकडे.” तिने ग्लास उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, बॅग पाठीला लावली आणि दारात म्हणाली, “मॅडम, तुम्ही पण हेच केलं होतं का?”

“बारावर,” मी म्हटलं. “नीघ आता. आईला घ्यायला जायचंय ना तुला?”

ती गेल्यावर मी वडेवाल्याला पुन्हा फोन केला. वडे जरा उशिरा पाठवा, अगदी गरम पाठवा, आणि पोचल्यावर फोन मला करू नका. अभयचा नंबर दिला.

२४ एप्रिल. सकाळी मी काळी साडी नेसले आणि बसने विभागात गेले. हातात काहीही नव्हतं. पहिल्या रांगेत सर बसले होते, कानात यंत्र, अंगावर शाल. म्हणाले, “या बाई. खाण्याचं झालं का?” मी म्हटलं, येतंय, आणि त्यांच्या शेजारी बसले. मागे कडेला एक बाई पाठ ताठ करून बसली होती, मांडीवर पिशवी. ती ऋतुजाची आई असणार.

ऋतुजा बोलली, छान बोलली. बाहेरच्या परीक्षकांनी दोन गुळगुळीत प्रश्न विचारले. अभय अर्धा उठत म्हणाला, “श्रोत्यांपैकी कुणाला काही?” आणि उत्तराची वाट न बघता आभाराचा कागद काढला. मी हात वर केला.

“जिवांच्या आलेखात अनंत कुठे घेतलंय?”

“पाचावर, मॅडम.”

“लांब नेलं तर काय होतं?”

तिने एकदा अभयकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि शेवटची स्लाइड लावली. एक रेषा नारळासारखी पडलेली, दुसरी विमानासारखी उतरलेली. परीक्षक चष्मा चढवून पडद्याजवळ गेले. बराच वेळ बघून म्हणाले, “ही दुसरी बरोबर आहे. मग तुम्ही ज्यांच्याशी तुलना केलीत ते आकडे?”

“ते आमच्या सरांच्या पेपरमधले आहेत,” ऋतुजा म्हणाली.

“त्या काळच्या संगणकाच्या मर्यादा होत्या,” अभय म्हणाला. “पाचापलीकडे प्रोग्रॅम जात नव्हता.”

“बारापर्यंत जात होता,” मी म्हटलं. “त्याच संगणकावर. प्रोग्रॅम माझा होता आणि मी नेला होता. सरांना आणूनही दिला होता. सर, आठवतंय?”

सरांनी कानातलं यंत्र चाचपलं. “काय म्हणतायत बाई?”

मी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्याने, शब्द तोडून. आता मागच्या रांगेपर्यंत गेलं. सरांनी शाल सावरली. अभयने पाण्याची बाटली उघडली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वडेवाल्याचा माणूस खाली फाटकाशी होता, परीक्षा चालू म्हणून रखवालदार आत सोडत नव्हता, शिपाई एकही नव्हता. अभय गेला. इतक्या झटपट जाताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तो गेल्यावर परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली आणि ऋतुजाला खरे प्रश्न विचारायला सुरुवात केली. शेवटी म्हणाले, प्रबंधात हा आलेख बदलून घाला, पदवीला हरकत नाही. आणि ही दुरुस्ती वेगळी छापा, जुन्या कामाचं श्रेय ज्याचं त्याला देऊन. मग माझ्याकडे वळून मला माझं नाव विचारलं आणि ते लिहून घेतलं.

तेवढ्यात दार थोडं उघडलं. अभय दोन्ही हातांनी टोपलं धरून उभा होता, शर्टावर तेलाचा डाग, नजर पडद्यावर. मी हाताचा पंजा दाखवला. तो थांबला.

बोलणं संपल्यावर मी उठून त्याला दार उघडून दिलं आणि वर्तमानपत्र बाजूला केलं. वडे गरम होते. मी दोन खाल्ले.